सौदीचे उत्पादनाचे आकडे वाचताय? या चुका टाळा

सौदी अरेबियाचं औद्योगिक उत्पादन घसरलं, अशी दोन ओळींची बातमी येते आणि तासाभरात ती जुबैल-दम्मामपासून खेड-चिपळूणपर्यंत व्हॉट्सअॅपवर फिरते. कंपनीत माणसं कमी करणार का, नवा व्हिसा निघेल का, पेट्रोकेमिकलचे शेअर काढून टाकावेत का, सगळे अंदाज त्या एका टक्केवारीवर बांधले जातात. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्येही तीच टक्केवारी ‘सौदी उद्योगांची पीछेहाट’ अशा मथळ्याखाली जाऊन बसते. बातमी खोटी नसते, पण तेलावर उभ्या असलेल्या देशाचा आकडा आपल्याकडच्या आकड्यासारखा वाचला की उत्तर चुकतं. कुठे कुठे चुकतं आणि चुकल्यावर दुरुस्त कसं करायचं, ते इथे मांडतो.

निर्देशांक पाहून कारखान्यांबद्दल बोलणं

आपल्या देशात औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक म्हटलं की डोळ्यांसमोर कारखाना येतो, आणि ते बरोबरच आहे. २०११-१२ पायाभूत वर्ष असलेल्या भारतीय निर्देशांकात कारखानदारीचा भार ७७.६ टक्के होता आणि खाणकामाचा जेमतेम १४.४. सौदीत चित्र नेमकं उलटं आहे. तिथलं सांख्यिकी प्राधिकरण, म्हणजे गॅस्टॅट, २०१० पायाभूत वर्ष धरून जो निर्देशांक काढायचं त्यात ‘खाणकाम आणि उत्खनन’ या गटाचा भार ७४.५ टक्के होता आणि कारखानदारीचा २२.६. पुढे २०२१ हे पायाभूत वर्ष झालं, तेव्हाही खाणकामाकडे ६० टक्क्यांहून जास्त भार राहिला. या खाणकामात सोनं, फॉस्फेट, बॉक्साइट सगळं असलं तरी वजन आहे ते कच्च्या तेलाचं.

म्हणजे हा निर्देशांक हलतो तेव्हा बहुतेक वेळा ओपेक प्लसच्या, म्हणजे कुणी किती तेल काढायचं हे मिळून ठरवणाऱ्या तेल उत्पादक देशांच्या गटाच्या बैठकीत काय ठरलं तेच आपल्याला दिसत असतं. मे २०२३ पासून सौदीने दिवसाला ५ लाख बॅरलची आणि जुलैपासून आणखी १० लाख बॅरलची ऐच्छिक कपात केली. उत्पादन दिवसाला ९० लाख बॅरलच्या आसपास आलं आणि निर्देशांक महिनोन्‌महिने उणे दाखवत राहिला. त्याच काळात सिमेंट, खाद्यपदार्थ, प्लास्टिक, औषधं बनवणारे कारखाने आपापल्या गतीने चालूच होते.

उपाय सोपा आहे. गॅस्टॅटच्या मासिक प्रसिद्धिपत्रकात एकूण निर्देशांकाखाली खाणकाम, कारखानदारी, वीज-गॅस आणि पाणीपुरवठा यांच्या ओळी वेगळ्या असतात. कारखान्यांबद्दल बोलायचं असेल तर कारखानदारीची ओळ घ्या. तिथेही एक पायरी खाली उतरून तेलशुद्धीकरण वेगळं काढा, कारण रिफायनरी हा वर्गीकरणाच्या नियमाने ‘कारखाना’च ठरतो. यान्बू, जुबैल आणि जिझानच्या नव्या रिफायनऱ्या प्रत्येकी दिवसाला ४ लाख बॅरल किंवा त्याहून जास्त क्षमतेच्या आहेत. त्यातली एक महिनाभर देखभालीसाठी बंद ठेवली तरी अख्ख्या कारखानदारीच्या आकड्याला गचका बसतो.

मागच्या वर्षी याच महिन्यात काय झालं होतं, हे न बघणं

वर्षभरापूर्वीच्या महिन्याशी तुलना करायची पद्धत चांगली आहे, फक्त तो जुना महिना शहाण्यासारखा वागलेला असायला हवा. सौदीच्या बाबतीत तसं नेहमी होत नाही. एप्रिल २०२० मध्ये रशियाशी किंमतयुद्ध चालू असताना सौदीने उत्पादन दिवसाला १ कोटी २० लाख बॅरलच्या आसपास नेलं. कोविडमुळे मागणी आटली, करार झाला आणि जूनमध्ये तेच उत्पादन सुमारे ७५ लाखांवर आणलं.

आता वर्षभर पुढे या. एप्रिल २०२१ मध्ये उत्पादन होतं सुमारे ८१ लाख बॅरल. वर्षभरापूर्वीशी तुलना केली तर जवळपास एक तृतीयांश घट. जून २०२१ मध्ये सुमारे ८९ लाख, तुलना ७५ लाखांशी, म्हणजे जवळपास १९ टक्के वाढ. दोन महिन्यांत ‘कोसळलं’ आणि ‘उसळलं’ असे दोन्ही मथळे तयार! प्रत्यक्षात त्या दोन महिन्यांत उत्पादन फक्त ८१ वरून ८९ लाखांवर गेलं होतं.

सप्टेंबर २०१९ चंही तसंच. १४ तारखेला अबकैक आणि खुरैस इथे हल्ला झाला आणि दिवसाला ५७ लाख बॅरल उत्पादन एका फटक्यात थांबलं. त्या महिन्याचा आकडा पुढच्या वर्षीच्या तुलनेत खड्ड्यासारखा मध्ये येतो. वार्षिक टक्केवारी विचित्र दिसली की निर्देशांकाचे मूळ आकडे सलग २४ महिने मांडून बघा. गडबड लगेच दिसते.

किंमत आणि प्रमाण यांची सरमिसळ

ही चूक पत्रकार करतात, विद्यार्थी करतात आणि सादरीकरणात बँकवालेही करतात. २०१४ मध्ये ब्रेंट तेलाचा सरासरी भाव बॅरलला ९९ डॉलरच्या आसपास होता, २०१५ मध्ये तो ५२ वर आला. सौदीचा जीडीपी डॉलरमध्ये सुमारे ७५० अब्जांवरून ६५० अब्जांवर घसरला. पण त्याच वर्षी सौदीने तेल जास्त काढलं, दिवसाला सुमारे ९७ लाखांवरून १०२ लाख बॅरल. त्यामुळे स्थिर किमतींनी, म्हणजे भावातला बदल बाजूला ठेवून मोजलेला जीडीपी ४ टक्क्यांच्या वर वाढला. एकाच वर्षी एक रकाना सांगतो की देश आक्रसला आणि दुसरा सांगतो की वाढला, आणि दोन्ही खरे आहेत.

उत्पादकता काढायची असेल तर स्थिर किमतींचाच आकडा घ्यायचा. नाहीतर भाव दुप्पट झाला की सौदी कामगार दुप्पट कार्यक्षम झाला, असं काहीतरी लिहून बसाल.

यात रियालची एक खोच आहे. १९८६ पासून रियाल डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे. तेलाचा भाव पडला की रशियाचा रूबल किंवा नॉर्वेचा क्रोन घसरतो. रियाल हलत नाही. त्यामुळे तेल स्वस्त झालेल्या वर्षी डॉलरमध्ये या देशांची तुलना केली तर रशियाचा आणि नॉर्वेचा आकडा दोन कारणांनी पडतो, सौदीचा एकाच. त्यावरून ‘सौदी अर्थव्यवस्था जास्त टिकाऊ’ असा निष्कर्ष काढणारे लेख मी पाहिले आहेत. तो टिकाऊपणा बराचसा विनिमय दराचा असतो.

जीडीपीला कामगारांनी भागून उत्पादकता काढणं

खरी गोची इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

अरामको या सौदीच्या सरकारी तेल कंपनीत साधारण ७० हजार माणसं आहेत. सौदीत काम करणारे एकूण दीड कोटीच्या वर. देशाच्या उत्पन्नाचा इतका मोठा वाटा इतक्या थोड्या माणसांच्या खात्यावर मांडला जात असेल, तर सरासरी फार जपून वापरावी लागते. कागदावर एक काल्पनिक देश घेऊ, गणित सोपं राहील.

या देशात एक कोटी कामगार. तेलात २ लाख, बाकी सगळीकडे ९८ लाख. तेलाचं मूल्यवर्धन (उत्पादनाच्या किमतीतून कच्च्या मालाचा वगैरे खर्च वजा करून उरतं ते) १,००० अब्ज रियाल, बाकीच्यांचं १,९६० अब्ज. म्हणजे तेलातला माणूस ५० लाख रियालचं काम करतो आणि बाकीचा माणूस २ लाखांचं. देशाची सरासरी निघते २ लाख ९६ हजार.

पुढच्या वर्षी तेलाचा कोटा १० टक्के कापला. तेलाचं उत्पादन ९०० अब्ज. दरम्यान बाकीच्या ९८ लाख माणसांची उत्पादकता ३ टक्क्यांनी वाढली, जी कुठल्याही देशात चांगलीच म्हणायची. त्यांचं उत्पादन झालं २,०१८.८ अब्ज. एकूण २,९१८.८ अब्ज, भागिले एक कोटी, म्हणजे २ लाख ९१ हजार ८८०. सरासरी १.४ टक्क्यांनी घटली. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव माणसांनी जास्त चांगलं काम केलं आणि अहवालात छापून आलं की श्रम उत्पादकता घसरली.

आणि तेलातल्या त्या २ लाखांनी तरी काय वाईट केलं? विहिरीचा व्हॉल्व्ह आवळला म्हणून ऑपरेटर घरी जात नाही. पंप, पाण्याचं इंजेक्शन, गंज तपासणी, शिफ्ट सगळं तसंच चालतं. दिवसाला १ कोटी २० लाख बॅरलची क्षमता राखून ठेवायची आणि प्रत्यक्षात, २०२३ सारखं, ९० लाखच काढायचं, हा धोरणाचा भाग आहे. गरज पडली तर बाजारात ओतता यावं म्हणून ती शिल्लक क्षमता जपली जाते. तिच्यावर राबणाऱ्यांचे तास भाजकात मोजले जातात, पण त्या तासांचं तेल अंशात दिसत नाही.

२०२३ हे याचं जिवंत उदाहरण. तेव्हा प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत तेल क्षेत्र सुमारे ९ टक्क्यांनी घटलं होतं, बिगरतेल क्षेत्र ४.४ टक्क्यांनी वाढलं होतं आणि एकूण जीडीपी पाऊण टक्क्याच्या आसपास उणे होता. त्या वर्षीच्या ‘दर कामगार जीडीपी’वरून सौदीच्या कारखान्याबद्दल काहीच कळत नाही.

म्हणून बिगरतेल मूल्यवर्धन भागिले बिगरतेल कामगार, इथून सुरुवात करा. नॉर्वेत ही सवय अंगवळणी पडली आहे. तिथलं सांख्यिकी कार्यालय समुद्रातलं तेल आणि जहाज वाहतूक वगळून ‘मुख्य भूमीचा जीडीपी’ वेगळा छापतं आणि तिथले अर्थतज्ज्ञ चर्चा त्याच्यावरच करतात.

भाजकातली माणसं न तपासणं

अंशाकडे सगळे बघतात, कारण तिथे तेल आहे. भाजक मात्र जसा मिळेल तसा उचलला जातो, आणि सौदीत भाजक घसरडा आहे.

२०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या ३ कोटी २२ लाख निघाली, त्यातले ४१.६ टक्के परदेशी. गंमत अशी की २०२० चा आधीचा अधिकृत अंदाज ३ कोटी ५० लाखांचा होता. म्हणजे दोन वर्षांत २८ लाख माणसं गायब झाली का? काही जण कोविडमध्ये परतले हे खरं, पण मुख्यतः जुने अंदाजच फुगलेले होते आणि जनगणनेनंतर मागच्या वर्षांचे आकडे खाली आणावे लागले. तुमच्या एक्सेलमध्ये २०२१ पर्यंतचे कामगार जुन्या मालिकेतून आणि पुढचे नव्या मालिकेतून आले असतील, तर मधल्या वर्षी उत्पादकतेने उडी मारलेली दिसेल. ती उडी तुमच्या कॉपी-पेस्टची आहे.

दुसरी अडचण, कोणाला मोजलं. सामाजिक विमा संस्थेच्या नोंदींत विमाधारक येतात. घरकाम करणारे, ड्रायव्हर, आया, माळी त्यात नसतात. ही मंडळी तीस लाखांहून जास्त आहेत. घरोघर केलेल्या सर्वेक्षणाची पद्धत वेगळी. जागतिक बँकेच्या साइटवरचा ‘दर रोजगारित व्यक्ती जीडीपी’ हा आकडा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मॉडेल लावून काढलेल्या रोजगारावर उभा असतो. तिघांचे भाजक तीन. कुठलाही एक घ्या, पण शेवटपर्यंत तोच ठेवा.

तिसरी आणि सगळ्यात फसवी अडचण म्हणजे मिश्रण बदलणं. जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या प्रत्येक अवलंबितावर महिना १०० रियाल फी लागली, ती दर वर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये ४०० झाली. २०१८ पासून कंपन्यांना परदेशी कामगारामागे महिना ३००-४०० रियाल लेव्ही (सरकारी आकार) बसली, ती २०२० मध्ये ७००-८०० वर गेली. त्याच वेळी सरकारी बांधकामं थंडावली होती. दोन वर्षांत दहा लाखांहून जास्त परदेशी कामगार कमी झाले. त्या काळात फायनल एक्झिट घेऊन, म्हणजे सौदी कायमची सोडून आलेली माणसं रत्नागिरी-रायगडच्या अनेक गावांत भेटतील. गेले ते बहुतांश बांधकामावरचे, कमी पगाराचे.

वरच्याच काल्पनिक देशात हे घालून बघा. बिगरतेलातले ५ लाख कामगार गेले, प्रत्येकाचं मूल्यवर्धन ८० हजार रियाल. उत्पादन ४० अब्जांनी घटून १,९२० अब्ज, माणसं उरली ९३ लाख. सरासरी २ लाखांवरून २ लाख ६ हजार ४५० च्या आसपास. उत्पादकता ३.२ टक्के वाढली! एकाही यंत्रात सुधारणा नाही, एकाही माणसाने नवं कौशल्य शिकलेलं नाही, उलट देशाचं उत्पादन कमी झालं.

उलटही घडतं. सौदी महिलांचं श्रमबाजारातलं प्रमाण २०१७ च्या सुमारास वीस टक्क्यांच्या आत होतं, ते पाच-सहा वर्षांत पस्तीसच्या घरात गेलं. त्यातल्या बऱ्याच जणी दुकानं, हॉटेलं, कॉल सेंटरमध्ये लागल्या, जिथे दर माणशी मूल्यवर्धन कमी असतं. त्यामुळे सरासरी खाली ओढली जाते. या घसरणीला ‘चिंताजनक’ म्हणणाऱ्याने एकदा क्षेत्रवार तक्ता उघडावा. आधी प्रत्येक क्षेत्राच्या आतला बदल काढायचा, मग माणसं एका क्षेत्रातून दुसऱ्यात गेल्याचा परिणाम वेगळा काढायचा. एवढं केलं की अर्धे वाद मिटतात.

‘बिगरतेल’ म्हणजे तेलाशी संबंध नाही असं समजणं

सौदीच्या कारखानदारीचा कणा पेट्रोकेमिकल आहे, आणि पेट्रोकेमिकलचा कच्चा माल म्हणजे तेलासोबत वर येणारा गॅस. सत्तरच्या दशकात हा गॅस बहुतेक जाळून टाकला जायचा. मग तो गोळा करायची यंत्रणा उभी राहिली, १९७५ मध्ये जुबैल आणि यान्बूसाठी शाही आयोग नेमला गेला आणि १९७६ मध्ये साबिक ही पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली. त्यानंतर लगेच धडाही मिळाला. १९८०-८१ मध्ये दिवसाला एक कोटी बॅरलच्या जवळ असलेलं तेल उत्पादन १९८५ मध्ये ३५ लाखांच्या आसपास आलं. तेल कमी म्हणजे सोबतचा गॅस कमी. तेलापासून स्वतंत्र अशा गॅसच्या साठ्यांकडे लक्ष वळलं ते अशा ओढाताणीतून. कोट्याची कात्री थेट विहिरीवर चालते, पण तिचं टोक कारखान्यालाही लागतं.

त्याहून महत्त्वाचं, कच्च्या मालाचा भाव सरकार ठरवतं. डिसेंबर २०१५ च्या अखेरीस इथेनचा (प्लास्टिकसाठी लागणाऱ्या गॅसचा) दर दशलक्ष बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचं एकक) ०.७५ डॉलरवरून १.७५ डॉलर केला गेला. इथेनवर चालणाऱ्या कारखान्याचा विचार करा. कालही तेवढेच ऑपरेटर, तेवढंच पॉलिथिलिन, आजही तेवढंच. पण कच्चा माल दुपटीहून महाग झाल्यामुळे चालू किमतींत मोजलेलं दर माणशी मूल्यवर्धन एका रात्रीत खाली. आधी जी ‘जागतिक दर्जाची उत्पादकता’ दिसत होती तिच्यात स्वस्त गॅसचा वाटा किती आणि कामगाराचा किती, हा प्रश्न त्या दिवशी विचारायला हवा होता. पेट्रोकेमिकलची उत्पादकता जर्मनीशी किंवा आपल्या दहेजशी ताडून बघायची असेल तर दर माणशी टन मोजा. रियाल मोजाल तर गॅसचा भावच मोजाल.

रमजान विसरणं

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दर वर्षी मागे सरकतो. २०२३ मध्ये तो २३ मार्चला सुरू झाला, २०२४ मध्ये ११ मार्चला. म्हणजे मार्च २०२३ मध्ये रमजानचे ९ दिवस होते आणि मार्च २०२४ मध्ये २१. सौदी कायद्याने रमजानमध्ये मुस्लिम कामगाराचा दिवस ८ ऐवजी ६ तासांचा होतो. बांधकाम साहित्य, फर्निचर, फॅब्रिकेशन अशा माणसांच्या हातावर चालणाऱ्या उद्योगांत मार्चची मार्चशी तुलना केलीत तर घट दिसणारच, आणि एप्रिलमध्ये ती तितकीच भरून निघालेली दिसेल. फेब्रुवारी ते एप्रिल एकत्र धरून तुलना करा. ईदच्या सुट्ट्याही त्यातच येतात. तेलाच्या विहिरीला मात्र रमजान नसतो, म्हणून एकूण निर्देशांकात हे सगळं दबून जातं आणि कारखानदारीच्या ओळीत अचानक डोकं वर काढतं.

उन्हाळ्याचंही लक्षात ठेवा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्यावर, उन्हात काम करायला बंदी असते. दर माणशी आणि दर तास या दोन उत्पादकता इथे वेगळ्या वाटांनी जातात, आणि तासांचा आकडा हाती असेल तर तोच वापरावा.

उरलेल्या फुटकळ, पण वारंवार होणाऱ्या

पीएमआय (खरेदी व्यवस्थापकांच्या पाहणीवरून काढलेला निर्देशांक) ५८ आला म्हणजे उत्पादन ५८ टक्क्यांनी वाढलं नाही, किंवा ८ टक्क्यांनीही नाही. खरेदी व्यवस्थापकांना ‘मागच्या महिन्यापेक्षा बरं की वाईट’ एवढंच विचारलेलं असतं. ५० च्या वर म्हणजे बरं म्हणणारे जास्त. शिवाय सौदीचा पीएमआय बिगरतेल खासगी क्षेत्राचा असतो आणि त्यात दुकानदारी, सेवा, बांधकामही येतं. तो आणि औद्योगिक निर्देशांक विरुद्ध दिशेला गेले तर कुणीतरी खोटं बोलतंय असं समजू नका.

कारखान्यांचे परवाने म्हणजे उत्पादन नव्हे. सौदीचं उद्योग मंत्रालय दर महिन्याला किती परवाने दिले ते जाहीर करतं आणि २०२२ च्या राष्ट्रीय औद्योगिक धोरणात २०३५ पर्यंत ३६ हजार कारखान्यांचं लक्ष्य आहे. कागद आणि धुराडं यांतलं अंतर रत्नागिरीकरांना वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१८ मध्ये अरामकोने वर्षाला ६ कोटी टनांच्या नाणार रिफायनरीसाठी सामंजस्य करार केला होता आणि २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं.

शेवटचं, जुना पीडीएफ. गॅस्टॅटने राष्ट्रीय लेख्यांचा मोठा फेरआढावा घेतला, तेव्हा २०२३ चा जीडीपी आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी मोठा निघाला, मुख्यतः बिगरतेल व्यवहार नीट मोजले गेले म्हणून. त्या वर्षीची वर सांगितलेली घटही नव्या मालिकेत राहिली नाही, किंचित वाढ दिसू लागली. त्यामुळे दोन लेखांत एकाच वर्षाची बिगरतेल उत्पादकता वेगळी दिसली तर आधी दोघांच्या फाइलवरची तारीख बघा. आणि स्वतःच्या फाइलच्या नावात आकडे उतरवून घेतल्याचा महिना टाकून ठेवा.